चतुर्थीचा रस

कल्याणने रसाने माखलेला पंजा शालूच्या गालावर उमटवला आणि तो चुलीपलीकडे पळाला. चौतीस वर्षांचा बाप्या, पण पळण्यात काही कमी नाही. शालूने पातेल्यात दोन्ही हात बुडवले, त्याला फडताळाशी गाठलं आणि मानेपासून कानापर्यंत माखून काढलं. मग दोघंही धापा टाकत फरशीवर बसले. तिच्या वेणीतून रस ठिबकत होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हा पोरखेळही तितकाच जुना. दर संकष्टीला कल्याणची आई दुर्गाबाई नवऱ्याला घेऊन धावड्याहून राजूरच्या गणपतीला जायची, सुनेची कूस उजवावी म्हणून. सकाळी गेलेली दोघं दिवस कलल्यावर परतायची. तेवढा वेळ घर या नवराबायकोचं. सासू तिकडे देवाला साकडं घालायची आणि इकडे लेक नि सून एकमेकांना कधी दही फासायचे, कधी काकवी, वैशाखात आंब्याचा रस. घरात लेकरू नव्हतं, तर लेकराचा पसारा हेच करायचे. त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये.

आवरणं मात्र शालूकडे. रसाचा एक थेंब राहिला तरी मुंग्या लागायच्या आणि सासूच्या नजरेतून मुंगीही सुटत नसे. शालू गुडघ्यांवर बसून फरशी तीनदा पुसायची, भिंतीवरचे डाग टिपायची, कोयी-साली शेळीपुढे टाकायची. कल्याण खाटेवर लोळत बोट दाखवायचा, इथं राहिलं, तिथं राहिलं. ती चिडून ओलं फडकं त्याच्यावर फेकायची आणि पुन्हा सगळं सुरू व्हायचं.

आज खेळ होईल असं तिला वाटलं नव्हतं. नऊ वर्षं देवाने ऐकलं नाही, म्हणून दुर्गाबाईने आता दुसरा मार्ग धरला होता. शालूची फारकत लिहून घ्यायची आणि कल्याणचं पुन्हा लग्न लावायचं. तीर्थपुरीची मुलगी बघून झाली होती, त्याने फक्त हो म्हणायचं होतं. सकाळी राजूरला निघण्यापूर्वी ओसरीवर मायलेकांचं बोलणं झालं, तेव्हा शालू आत आंबे पिळत होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत आणि विचारायचा धीर झाला नाही. पण कल्याण आत आला तो हसतच, आणि आल्या आल्या त्याने पातेल्यात हात घातला. नाही म्हणाला असणार, असं ती धरून चालली. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती नेहमीपेक्षा जोरात हसली.

आता ती फडकं घ्यायला उठली, तर ते त्याच्या हातात होतं.

"बस तू. मी पुसून राह्यलो."

तिला गंमत वाटली. खाटेवर बसून ती त्याच्यासारखंच बोट दाखवू लागली. तो हसला नाही. त्याने फरशी दोनदा पुसली, फडताळाखाली हात घालून पुसली, कोयी वेचल्या. मग कोमट पाण्याची बादली आणून तो तिच्यापुढे बसला आणि तिचे पाय धुऊ लागला. जोडव्यात अडकलेला आंब्याचा धागा त्याने नखाने हळूच काढला. नऊ वर्षांत या माणसाने स्वतःची कपबशी विसळली नव्हती. शालूचं बोट दाखवणं थांबलं.

"हो म्हणलात काय आईला?"

त्याने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"माह्याच्यानं न्हाई म्हणणं झालं न्हाई, शालू."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच, मघाशी इतकं हसल्याचा. कधी जायचं, एवढं तिने विचारलं. तिच्या भावाला, संपतला, सकाळीच फोन गेला होता. चारपर्यंत तो गाडी घेऊन येईल, असं कल्याणने बादलीकडे बघत सांगितलं.

मग तो उठला, तांब्या भरून तिच्या मागे गेला आणि तिची वेणी सोडू लागला. शालूने त्याचं मनगट धरलं.

"केस राहू द्या. ते मी माहेरी धुईन."

चिकटलेल्या वेणीवरून तिने पदर घेतला आणि ती कपडे भरायला आत गेली.