काचेमागे लागलेला दिवा

मित्रांनो, मला आरसा म्हणाल तर ते निम्मंच खरं. मी एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रातली जुनी काच आहे. माझ्या एका बाजूला उजेडाची खोली. तिथे भांडून थकलेली घरं येऊन बसतात आणि माझ्यात स्वतःची तोंडं बघतात. दुसऱ्या बाजूला अंधाराची खोली. तिथे बसणाऱ्यांसाठी मी खिडकी असते. अट एवढीच, की त्या खोलीत दिवा लावायचा नाही.

मी नवी होते तेव्हा अंधारात मोठ्या बाई बसत. उजेडात शिकाऊ समुपदेशक घरच्यांशी बोलत. त्यांचं काही चुकलं की बाई भिंतीवरचा फोन उचलत. "वडिलांना झोडपणं पुरे, धाकट्याला विचार," एवढंच सांगून ठेवून देत. काचेमागे खायचं नाही, हसायचं नाही, हा त्यांचा नियम. मला त्या स्वतः ओल्या फडक्याने पुसत.

त्या निवृत्त झाल्या आणि सर आले. त्यांची मला अजून किळस येते. ते माझ्यावर कपाळ टेकून डुलकी काढत. त्या तेलकट डागातून मी गेली तीन वर्षं जग पाहतेय. शेंगदाणे खाल्लेली बोटं माझ्याच कडेला पुसत. शिकाऊंना देखरेखीखालचे दोनशे तास भरावे लागतात आणि प्रत्येक तासावर सरांची सही लागते. सर चहाच्या घोटागणिक पाच सह्या करत. समोर कोणी रडू लागलं की म्हणत, "सुटला नळ." सही हवी असलेले सगळे हसत. सरांपेक्षा मला त्या हसण्याची जास्त शिसारी यायची.

एकदा एक नऊ वर्षांची मुलगी आईबाबांच्या मधल्या खुर्चीवर येऊन बसली. ते दोघं एकमेकांशी बोलत नसत, हिच्यामार्फत बोलत.

"बाबांना सांग, त्यांच्यामुळे उशीर झाला."

"आईला सांग, रस्त्यात गर्दी होती."

मुलगी निरोप तेवढे पोचवी. स्वतःचं असं ती दोन महिने घरीही म्हणे काही बोललीच नव्हती.

समोरची शिकाऊ ताई घाबरलेली होती. "काचेमागे आमचे अनुभवी सर आहेत, ते लक्ष ठेवतील," असं तिने मनापासून सांगितलं आणि थोड्या वेळाने नको तोच प्रश्न विचारला. "बाळा, तुला दोघांपैकी कोणाकडे राहायचंय?"

आईबाबा मुलीकडे बघू लागले. मुलीने फ्रॉकची कड मुठीत आवळली. ताईला चूक कळली. तिने माझ्याकडे पाहिलं. फोन वाजायला हवा होता. मोठ्या बाईंनी तो प्रश्न पुरासुद्धा होऊ दिला नसता.

अंधारात सर सासऱ्यांच्या कंजूषपणाचा किस्सा सांगत होते. रंगात येऊन त्यांनी कप कलंडवला आणि पँट भिजली. "अरे, दिवा लावा कोणीतरी," ते म्हणाले. कोणीतरी लावला.

मित्रांनो, मागे दिवा लागला की मी साधी काच होते. उजेडातल्या चौघांना एका पायावर उभे राहून पँट पुसणारे सर दिसले, आणि तोंडावर हात धरून हसणारे दोन शिकाऊ. पुसायला घेतलेला कागद काचेमागून पाहायला याच घराने सही करून दिलेल्या संमतीचा होता.

"ते काका आपल्याकडे बघतच नाहीयेत," मुलगी म्हणाली.

तो कोणाचाच निरोप नव्हता.

बाबा आईकडे वळले. "तू वाचून सही केली होतीस ना?"

"तुम्हीच म्हणालात, करून टाक."

भांडत का होईना, दोघं सरळ बोलत होते. मुलगी उठून कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"माझा प्रश्न चुकला, बाळा," ताई म्हणाली. "त्याचं उत्तर तू द्यायचं नाहीस."

संध्याकाळी सरांनी त्या तासावरही सही केली. वर शेरा मारला, 'उत्तम हाताळणी'. ताईने वही ओढून तो तास खोडला.

"हा नको, सर. तुम्ही पाहिलाच नाही."

"तास भरायची आज शेवटची तारीख आहे. वर्ष वाया जाईल तुझं."

"जाऊ दे."

पुढच्या आठवड्यात ते तिघं परत आले. त्यांची एकच अट होती. मागचा दिवा चालू ठेवायचा. तेव्हापासून सर त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून ताठ बसतात. शेंगदाणे खिशात.

मित्रांनो, कोणी आपलं घर तुमच्यापुढे उघडं केलं, तर तुमच्यावरही दिवा लागलाय असं समजून बसा. माझ्यावरचा कपाळाचा डाग अजून तसाच आहे. सर म्हणतात, पुसणं हे शिपायाचं काम. मला मात्र वाटतं, तो ज्याने लावला त्यानेच पुसावा.