पहाऱ्यावरचा लाकडी कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यात यंत्र नाही की तार नाही. देवदाराच्या खोक्याच्या फळ्या, जाड चष्म्याचे एक भिंग आणि काळा रंग, एवढ्यावर मला घडवले. कोल्हापुरात तेव्हा सराफी पेढी लुटणाऱ्या चोरांच्या एका चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते. पेढीवर पाळत ठेवणारा कॅमेरा हवा होता. खरा परवडत नव्हता, म्हणून सेटवरच्या आकाराम सुतारांनी मला बनवले.

चित्रपटात मी तिजोरीवर नजर ठेवत डावी-उजवीकडे वळायचो. माझी मान वळली की चोर चार पावले सरकायचे. परत आली की खांबाआड थिजायचे. भिंतीमागे बसून आकाराम दोरी ओढत असत. चित्रपटातल्या पहारेकऱ्याला पडद्यावर जे दिसायचे, ते तर दुसऱ्याच कॅमेऱ्याने घेतलेले होते. थिएटरात लोक मात्र मला बघून श्वास रोखायचे. दिग्दर्शक म्हणाले, "आकाराम, ह्येच्यापुढं खरा चोर बी थबकंल की."

नंतर पस्तीस वर्षे मी आकारामांच्या ट्रंकेत पडून राहिलो.

आकारामांची पत्नी गेली आणि पाठोपाठ त्यांची आठवणही जाऊ लागली. एकदा ते घरातून निघाले, ते थेट शहराबाहेर उचगावच्या रस्त्यावर सापडले. मुलगी निशा कापडाच्या दुकानात कामाला होती. घर तिच्याच पगारावर चालायचे. तिने मला बाहेर काढले, वडिलांच्या पलंगासमोर ठोकले आणि बजावले, "आबा, मी दुकानातनं बघत असते. उठायचं न्हाई." आपण दुकानातून बघत असतो, असेच तिने शेजारच्या मीनाबाईंनाही सांगितले.

आपल्या हातचे काम आकारामांनी ओळखले नाही. मोरीत जायचे असले तरी ते आधी मला विचारायचे, "निशे, उठू काय?" मग उत्तराची वाट पाहत बसायचे. अंथरूण ओले व्हायचे. मीनाबाई हसत म्हणायच्या, पोरीचा धाक लई हाय की तुम्हांस्नी. निशा चादरी धुवायची, पण मला उतरवत नव्हती. आता ते निदान हरवत नव्हते.

एका सकाळी निशा कामावर गेल्यावर ते पलंगावरून पडले. पाय हलेना. मोठ्याने ओरडले असते तर गल्ली गोळा झाली असती. पण मुलगी रागावेल म्हणून ते माझ्याकडे बघून समजावत राहिले, "निशे, मी उठलो न्हाय. पडलोय." मग त्यांनी पाणी मागितले. दुपारपर्यंत ते मागत होते.

संध्याकाळी निशा आली, तेव्हा ते गेलेले होते.

मीनाबाई दारातच बसल्या. म्हणाल्या, "बोलणं ऐकू येत हुतं गं. तुझं लक्ष हाय म्हणून मी आत आले न्हाई."

निशाने मला अजून भिंतीवरून काढलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी म्हातारे माणूस एकटे असेल, तर त्याच्यावर कुणाचे तरी लक्ष आहे असे धरून चालू नका. दार लोटा, आत जा आणि पाणी हवे का ते विचारा.