सहाची घंटा

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं. उशिरा समजणाऱ्या मुलाचा मला कधी कंटाळा आला नाही. अपवाद एकच, बिंदुमाधव. तिसरीत तो धड्यातली चित्रं पाहायचा आणि "वाचला, बाई" म्हणायचा. आता तो आमच्या महिला महाविद्यालयाचा अध्यक्ष आहे.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून इतिहासाची पुस्तिका निघणार होती. ती लिहिणारी मृणालिनीही माझीच विद्यार्थिनी. आठ वर्षं तिथे इतिहास शिकवते, अजून कायम झालेली नाही. एक दिवस रडवेली होऊन घरी आली.

"बाई, अध्यक्षजी म्हणतात, सकाळी सहाची घंटा त्यांच्या वडिलांनी सुरू केली असं लिहा. ऋषींची शिस्त म्हणे! नाहीतर मला कायम करायच्या कागदावर सही करणार नाहीत."

त्याचे वडील ढुंढिराजशास्त्री आणि मुलींचं कॉलेज! १९५० साली आम्ही सात जणी अहिल्याबाई घाटावर स्नानाला जातो असं घरी सांगून निघायचो. म्हणून वर्ग सहाला; त्याच वर्गाचं पुढे कॉलेज झालं. आम्ही घाटावरच्या खोलीत शिकत असू, तेवढ्यात कामाला असलेली बकुळ आमच्या सात साड्या गंगेत बुडवून पिळायची, सात तांबे भरून ठेवायची. ओली साडी, भरलेला तांब्या, घरचे खूश. शास्त्रीबुवांना सुगावा लागला तेव्हा त्यांनी आपल्या बहिणीला, आनंदीला, घरात कोंडलं आणि बकुळला भर घाटावर शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सहाला बकुळ हजर. आनंदी मात्र पुन्हा आली नाही.

"बकुळचं नाव यायलाच हवं, बाई. पण माझी नोकरी..."

"पहिल्या पानावर बिंदुमाधवचा फोटो छाप. मोठा, फेटा बांधलेला. पुढे त्याच्या वडिलांचा. बकुळ चौथ्या पानावर."

"आणि त्यांनी वाचलं तर?"

"तिसरीपासून ओळखते मी त्याला."

बिंदुमाधवने फोटो दोनदा पाहिला. "आणखी जरा मोठा चालला असता," म्हणाला आणि पुस्तिकेवर नि मृणालिनीला कायम करायच्या कागदावर, दोन्हीकडे सही ठोकली.

समारंभात पुस्तिका त्यानेच वाटली आणि भाषणाला उभा राहिला. मागच्या रांगेतल्या मुली चौथं पान उघडून हसू लागल्या. आपल्या भाषणाला दाद मिळाली असं वाटून तोही हसला. मग माझ्यापाशी येऊन वाकला.

"बाई, एकेक अक्षर स्वतः वाचलंय."

"माहीत आहे रे," मी म्हटलं.