संदुकीत कोंडलेला आलेलुया

मी एक जुनी फळी आहे. फणसाची, हातभर रुंद आणि दोन हात लांब. भोरच्या एका गल्लीतल्या कौलारू प्रार्थनामंदिरात, वेदीच्या मागच्या भिंतीवर मी टांगलेली असते. मित्रांनो, माझ्यावर एकच शब्द कोरलेला आहे, 'आलेलुया'. त्यातले शेवटचे अक्षर अगदी काठाला चिकटले आहे. पाद्रीसाहेबांनी कागदावर काढून दिलेली अक्षरे ज्ञानू सुताराने हौसेने मोठी मोठी कोरली आणि शेवटी जागाच उरली नाही. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच मी आज सांगणार आहे. शांतपणे सांगेन असे वचन मात्र देत नाही.

हा शब्द फार जुना, इब्री म्हणजे हिब्रू भाषेतला. सगळे मिळून परमेश्वराची स्तुती करा, असा त्याचा अर्थ. पाद्रीसाहेब सांगत, ख्रिस्ती माणूस जगात कुठल्याही भाषेत प्रार्थना करो, हा शब्द तो असाच म्हणतो. आमच्याकडे शुभवर्तमान वाचण्याआधी तो गात, नवे भात घरात आले की गात, बाप्तिस्म्याला गात आणि कुणाला माती देतानाही गात. मरणासमोर उभे राहूनही देवाची स्तुती करायची, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी लाकडाची असूनही शहारले होते.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे असतात. त्या दिवसांत हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ही रीत जुनीच. पण त्या दिवसांत मला संदुकीत ठेवायचे, ही कल्पना रतनबाईची. ती दवाखान्यात आया होती आणि मंदिराची झाडलोट करायची. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी ती मला कोमट पाण्याने पुसायची, आपल्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यात गुंडाळायची आणि संदुकीत निजवायची. मुलांना सांगायची, भूक लागू दिली की भाकर गोड लागते, तसेच हे. मग ईस्टरच्या पहाटे ती मला बाहेर काढून पहिला आलेलुया म्हणायची. आवाज चिरका होता, पण तिने म्हटल्याशिवाय कुणी सुरुवात करत नसे. तिची शेजारीण ठकुबाई ख्रिस्ती नव्हती. तरी जात्यावरच्या सोबतिणीचा तो आवाज ऐकायला तीही दरवर्षी दाराशी येऊन उभी राहायची.

पुढे रखमाजी मंदिराचे पंच झाले. कचेरीत तीस वर्षे नोकरी केलेला माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीत हुकूम दिसायचा. रतनबाईने प्रेमाने लावलेल्या रीतीला त्यांनी पितळी कुलूप लावले. होय, खरेच कुलूप! उपासाच्या दिवसांत एखादी पोर गल्लीत खेळताना चुकून हा शब्द गुणगुणली, तर तिला कान धरून उभे करत. देवाच्या स्तुतीसाठी शिक्षा झालेली मी या कानांनी, म्हणजे या चार अक्षरांनी, संदुकीतून ऐकली आहे.

एकोणसत्तर सालच्या उपासात रतनबाईला धाप लागू लागली. एक दिवस झाडू टाकून ती माझ्या संदुकीवर बसली. समोर रखमाजी होते. आतून मला सगळे ऐकू येत होते.

"रखमाजीदादा, माजं आता काय खरं न्हाई. मला मातीत ठिवताना आलेलुया म्हना. दुसरं काय नगं."

यावर त्यांनी काय उत्तर द्यावे? "ईस्टर तीन आठवड्यांवर आलाय, रतनबाई. तोवर दम धरा."

दम धरा! ज्या बाईला दोन पावले चालताना दम पुरत नव्हता, तिला हा माणूस दम धरायला सांगत होता. संदुकीवर दोनदा थोपटून रतनबाई उठली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पाद्रीसाहेब पुण्याला होते, महिन्यातून एकदा एसटीने यायचे. तार केली, पण उन्हाळ्याचे दिवस, वाट पाहणे शक्य नव्हते. प्रार्थना रखमाजींनीच चालवायची ठरले. शवपेटी ठेवायला टेबल लहान पडले, म्हणून ती माझ्याच संदुकीवर ठेवली. खाली लुगड्यात गुंडाळलेली मी, वर ते लुगडे नेसून एके काळी सासरी आलेली रतनबाई, आणि मध्ये कुलूप. मंडळींपैकी एकाला तिने सांगून ठेवले होते; त्याने दबकत तिची इच्छा बोलून दाखवली. रखमाजी म्हणाले, चाळीस दिवस शब्द बंद म्हणजे बंद, कुणासाठीही उघडणार नाही. मंडळींतून एकाचाही आवाज उठला नाही. त्यांचा मला रखमाजींपेक्षाही जास्त राग आला. मला गळा असता, तर संदूक फुटेपर्यंत ओरडले असते.

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. ठकुबाई कधी उंबरा ओलांडून आत येत नसे. ती आली, थेट शवपेटीपाशी.

"रखमाजीदादा, उपास जित्या मानसाचा. हिचा उपास सुटला की वो आता."

रखमाजी म्हणाले, ही आमची बाब आहे, तू यात पडू नकोस.

"म्या तुमच्यातली न्हाई, म्हून तुमचा नेम मला न्हाई," ती म्हणाली, आणि तीस वर्षे दाराबाहेरून ऐकलेल्या चालीवर, तिने तो शब्द म्हटला. मागून एक पोर म्हणाली, मग तिची आई, मग सगळेच. रखमाजींचा एकट्याचा आवाज त्यात नव्हता. रतनबाईला आलेलुया म्हणत गल्लीतून नेले.

पाद्रीसाहेब आल्यावर रखमाजींना काय बोलले ते मला कळले नाही. कुलूप मात्र तसेच राहिले, आणखी सात वर्षे.

मागच्या उपासात रखमाजी काठी टेकत आले आणि संदुकीवर बसले. ठकुबाईला त्यांनी बोलावून घेतले होते. आपले याच दिवसांत काही झाले तर तू तो शब्द म्हणशील का, असे त्यांनी विचारले. ठकुबाईने कुलूप हलवून वाजवले.

"म्हनंन की," ती म्हणाली. "पन आदी कुलूप काडा."

रखमाजींनी किल्ली फिरवली आणि कुलूप कडीतून काढले.

मित्रांनो, मला पुसा, लुगड्यात गुंडाळा, चाळीस दिवस खुशाल अंधारात ठेवा. ती रतनबाईची रीत आहे आणि मला ती आवडते. पण कुणी जाताना एक शब्द मागितला, तर तारखा पाहू नका. आणि रखमाजींची वेळ येईल तेव्हा त्यांच्यासाठीही म्हणा. माझा राग गेलेला नाही, तरी त्यांच्या पेटीभोवती सगळे गप्प उभे राहिले, तर ती शांतता मला ऐकवणार नाही.