न कापलेला फंड

रुमालाची गाठ... आईने ती दातांनी आवळली होती, आणि गाडीने कासू स्टेशन सोडलं तरी सरूची नजर तिच्यावरून हलत नव्हती. आत दोन पाटल्या. मिठागरावर अर्धा जन्म उन्हात काढून आईने, इंदुबाईने, केलेल्या, आता रोह्याला कान्हूच्या हवाली व्हायच्या. सरूचा धाकटा भाऊ, कंपनीत कंत्राटी. आज शिफ्ट आहे तर उद्या नाही. त्याला आधार नको का?

"तुला इचारलं नाय म्हनून रागावू नको गो," आई म्हणाली. "तुला काय, तुजा फंड कापतान. पेन्शन हाय."

सरू मनातच चरफडली. कापतात म्हणे! कोण कापतो? संशोधनाची फेलोशिप म्हणजे पगार नव्हे, हे विद्यापीठातल्या कारकुनाने पहिल्याच वर्षी हसत हसत सांगितलं होतं—पगार नाही म्हणून फंड नाही, मॅडम, तुमचं तुम्ही बघा. आणि पेणच्या पोस्टातला तो भला माणूस... पीपीएफ काढा, पंधरा वर्षं विसरून जा. नाहीतर एनपीएस, साठीपर्यंत भरत राहा, पुढे थोडं थोडं पेन्शन. दोन्ही कुणालाही उघडता येतात, भरायचं मात्र ज्याचं त्याने. भरायचंच होतं हो! पण विद्यावेतन सहा-सहा महिने रखडायचं, आणि एक फेलोशिप संपून दुसरी मिळेपर्यंत हातातलं पुरवून पुरवून खायचं... पुढच्या खेपेला नक्की, पुढच्या खेपेला... करता करता त्रेचाळिसावं लागलं. खाडीच्या चिखलातला किडा काय खाऊन जगतो, हे ती झोपेतही सांगेल. साठीनंतर आपण काय खाणार? कप्पाळ!

गावात मात्र सरूबाई सरकारी नोकरीवाली. आईची मान त्यावर ताठ, ती कोणत्या तोंडाने वाकवायची? आणि आज बोलावं, तर पाटल्यांसाठी बोलली असं होणार, भावाच्या घासातला घास काढला असं होणार. गप्प बसावं तर... तर काय, नेहमीसारखंच.

नागोठणे मागे पडलं, आणि सरूच्या तोंडून निघूनच गेलं—

"आई, मला पेन्शन नाय. फंड पन नाय. कायच नाय."

स्वतःच्या तोंडचं ते 'नाय' तिने कितीतरी वर्षांनी ऐकलं.

इंदुबाई रागावली नाही. "आमाला तरी कुटं व्हती गो मिठागरावर?" ती सहज बोलून गेली. "मला तुमी दोगं व्हतात..."

आणि बोलता बोलताच थांबली. लेकीकडे, बिनलग्नाच्या, बिनपोराच्या लेकीकडे तिने पाहिलं, आणि नजर पटकन खाली घेतली.

ते थांबणं सरूच्या जिव्हारी लागलं. शिकलो, चिखलातून वर आलो, आईच्या पुढे गेलो, असं इतकी वर्षं वाटत होतं... आणि आई तर बेगमी करून निर्धास्त बसली होती. मी तिचा फंड. माझा कोण?

रोहा आलं. गाडी इथेच संपते. डबा रिकामा झाला तरी दोघी बसूनच होत्या. सरूला भीती वाटत होती, साधी, साठीनंतरच्या भाकरीची भीती. पण ती आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. शेजारी बसलेली म्हातारी आईही घाबरली होती, आणि या वयात ती भीती तिला आपण दिली होती. तरी छातीवरचं ओझं हलकं झालं होतं... त्या हलकेपणाचीच सरूला लाज वाटत होती.