सत्त्वाचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. जन्माने मात्र पिंप. वरचा भाग करवतीने कापून टाकल्यापासून पागेवर येणारी मुले मला 'अर्धवट' म्हणतात. म्हणोत बापडी! पण इथल्या शहाण्या माणसांनी काय करून ठेवले ते ऐका, मग अर्धवट कोण ते तुम्हीच ठरवा.

निळ्या प्लास्टिकचा मी, कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात कपडे धुण्याचा पातळ साबण होता. तो संपला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला मोतद्दारकाकांनी, म्हणजे या पागेतल्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी, उचलून आणले. मला कापल्यावर कुणाच्या हाताला लागू नये म्हणून त्यांनी माझी कड दोन दिवस घासली. पुढे नऊ वर्षे मी घोड्यांना घासायचे खरारे धुतले, घामेजलेले पट्टे भिजवले, चिखलाचे बूट सोसले. कौतुक कुणी केले नाही, मी मागितलेही नाही.

या पागेत ठुमकी नावाची एक वयस्क घोडी आहे. ठुमकत चालायची म्हणून ठुमकी. गावातली निम्मी पोरे तिच्याच पाठीवर बसायला शिकली. त्यामुळे जो तो तिचे लाड करी. कुणी बिस्कीट, कुणी साखरेची वडी, कुणी खिशातली गोळी. लाड यांनी करायचे आणि भोगायचे तिने, हा कुठला न्याय? एके सकाळी तिला पुढचे पाय टेकवेनात. डॉक्टरताईंनी खुरांना हात लावला. खूर तापले होते.

"हिला साखर सोसत नाही," ताई म्हणाल्या. "जास्त झाली की खुराच्या आत सूज येते. पुन्हा असं झालं तर आतलं हाड सरकेल आणि ही उभी राहू शकणार नाही. मग माझ्याकडे एकच इंजेक्शन उरतं."

ते इंजेक्शन म्हणजे कायमची झोप.

पागेच्या मालकीणबाईंनी कोठीतून एक पोते ओढून आणले. त्यावर उधळलेल्या घोड्याचे चित्र आणि 'ताकदीचा खजिना' अशी ठळक अक्षरे. "हे तर चांगलंय ना?" ताईंनी पोते उलटे केले. मागे बारीक अक्षरांत, चौथ्या ओळीत, मळी! साखर करताना उरते ती चिकट, गोड मळी. पुढे घोडा उधळवायचा आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत खरे लिहायचे, याला काय म्हणावे? ताईंनी मग बिनमळीचा बिटाचा चोथा निवडला, क्षारांची बिनगोडाची भुकटी निवडली आणि म्हणाल्या, "गवतातही साखर असते. तासभर पाण्यात बुडवा, निथळून द्या."

ते काम माझ्याकडे आले. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपणही कुणीतरी आहोत. काका सकाळी वाळलेले गवत जाळीत भरून माझ्यात बुडवत. तासाभरात पाणी कोऱ्या चहासारखे होई. जाळी काढली की ते मला गटारावर उपडे करत. तीन आठवड्यांत ठुमकी पाय टेकू लागली.

मग काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांच्या जागी त्यांची थोरली बहीण आली. सगळे तिला अक्का म्हणत. मनाने लोणी, पण हातून काही वाया जाऊ द्यायची नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे तिने गवत बुडवले, निथळले. पाण्यापाशी मात्र तिचा हात थांबला.

"अगं बाई, सगळं सत्त्व तर यातच उतरलंय," ती स्वतःशीच म्हणाली. चोथा भिजवायला पाणी लागतेच. तिने माझ्यातले पाणी तांबे भरभरून चोथ्यात ओतले.

सत्त्व! माझे डोके करवतीने कधीच नेले, तरी ते फिरले. जी साखर माझ्यात सोडवली, तीच पुन्हा घोडीच्या पोटात, आणि ती माझ्याच पोटातून! मला तोंड केवढे मोठे, पण बोलता येईना.

नवव्या दिवशी ठुमकी आडवी झाली. बाईंनी आधी दोष दिला भुकटीला. "एवढी पारखून आणली, तीच बाधली!" म्हणत डबा कोपऱ्यात भिरकावला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

डॉक्टरताईंनी इंजेक्शनची पेटी आणली, पण ती उघडली नाही. त्यांनी चोथ्याची बादली हुंगली, बोट बुडवून जिभेला लावले. "गवताचं पाणी कुठं ओतता?"

"ओतीन कशाला?" अक्का अभिमानाने म्हणाली. "सगळं हिलाच घालते. एक थेंब वाया नाही घालवला."

ताईंनी समजावून सांगितले तशी अक्का ठुमकीच्या मानेपाशी बसली. "माझ्याच हातानं घातलं गं तुला!"

"मायेनंच घातलंत, अक्का," ताई म्हणाल्या. "पण खुराला ते कसं कळणार?"

त्यांनी औषध टोचले, खुरांवर बर्फ बांधला, खाली वाळू पसरायला लावली. चौथ्या दिवशी ठुमकी उठली. आता ती हळूहळू चालते, पण पाठीवर कुणी बसत नाही. आणि ठुमकणे गेले ते गेलेच.

मित्रांनो, मी अजून रागावलेलाच आहे. कारण "एवढ्याशानं काय होतंय?" म्हणत खिशात हात घालणारा रोज एकतरी येतोच. त्याचा हात धरा. एखाद्याला काय सोसत नाही ते आधी विचारा, मग खुशाल लाड करा. आणि माझ्यावर एवढे उपकार करा: गवत काढले की मला पुरता उपडा करा. तळाशी तांब्याभरसुद्धा पाणी ठेवू नका.