बक्षिसाची सुट्टी

अलकनंदा मॅडम रोज मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून स्कूटीनं खैरलांजीकडच्या एका गावातल्या सरकारी शाळेत यायच्या. त्यांच्या पाचवीत बावीस मुलं. त्यातली श्रुतिका दोन वर्षं तोंड उघडत नव्हती; घरी मराठी, पुस्तक हिंदी, पोरगी मधल्या मध्ये लटकलेली. मॅडम जेवणाच्या सुट्टीत तिला जवळ घेऊन बसायच्या. दिवाळीनंतर कुठे ती ओळीखाली बोट धरून वाचू लागली. हळू वाचायची, पण समजून वाचायची. मॅडमचा फार जीव होता तिच्यावर.

डिसेंबरात वरून चाचणी आली. पोर काय शिकलं याच्याशी वरच्यांना काय देणंघेणं, त्यांना टक्के हवे असतात. चाळीस मिनिटांत चाळीस गोल काळे करायचे. मागच्या वर्षी शाळा तालुक्यात शेवटून दुसरी आली, तेव्हा हेडमास्तर चंद्रशेखर सरांना भर बैठकीत उभं करून झापलं होतं. या खेपेला ते आधीच शहाणे झाले.

"कच्च्या पोरायले त्या दिवशी घरीच राहू द्या मॅडम. श्रुतिकालेबी. एका ओळीले पाच मिनिटं लावते ते."

मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग गप्प बसल्या. संध्याकाळी त्यांनी श्रुतिकाला हाक मारली. "तू छान वाचतेस ना, म्हणून उद्या तुला सुट्टी. बक्षीस."

"हौ," ती म्हणाली.

शाळा तालुक्यात चौथी आली. पेढे वाटले.

मग पाचवीची बोर्डाची परीक्षा आली. या परीक्षेला मात्र गैरहजर राहिलेलं मूल सरळ नापास. पहिल्याच पेपरला श्रुतिकाची जागा रिकामी. घंटेला वीस मिनिटं होती. मॅडमनी स्कूटी काढली आणि तिचं घर गाठलं.

आईबाप शेतात गेलेले, दाराला आतून कडी.

"श्रुतिका, पेपर आहे आज! चल लवकर!"

"मी नाही येत मॅडम. मी आली तं शाळेचा नंबर खाली जाते. मंग तुमालेबी बोलणं खा लागते."

"आज तसं नाही गं. आज यावंच लागतं, नाहीतर नापास करतील."

"नापास तं मी अशीबी होतेच नं."

शाळेची घंटा इथवर ऐकू आली. मॅडम उंबऱ्यावर बसल्या आणि रडू लागल्या. दाराला तोंड लावून म्हणाल्या, "ती सुट्टी बक्षीस नव्हती, बाळा. मी खोटं बोलले तुझ्याशी. पण तू वाचतेस छान, ते खरं आहे." बोलतानाच त्यांना कळलं, की आता यातलं काहीच तिला खरं वाटणार नाही.

श्रुतिका आतून दाराजवळ आली.

"मले मालूम हाय मॅडम. सर तुमाले सांगून राह्यले होते, तवा मी दारातच होती. म्हणून तं आज आपल्या मनानंच राह्यली. तुमाले खोटं बोला नाही लागलं."